सुताचं दुसरं टोक

शर्वी पायांवर पालथी होती, अंगभर तेल, पाठीवर नुकताच पाण्याचा तांब्या ओतलेला, आणि माझ्या डाव्या मनगटाला हिसका बसला.

मी तिला घट्ट धरलं. तेलानं ती माशासारखी निसटत होती. दुसरा हिसका. मग तिसरा, हलका.

"आले, आले," मी म्हटलं. ऐकणारं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे माग चालू होते.

तिला तशीच ओली टॉवेलात गुंडाळून मी मधल्या खोलीत गेले. आत्ती खाटेवर तशाच होत्या, मी वळवून ठेवलेल्या कुशीवर. "काय हवंय आत्ती? पाणी? पाय दुखतोय?" त्यांनी काही मागितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, कडेवरच्या शर्वीकडे बघितलं आणि डोळे मिटले.

झालं एवढंच. त्या आठवड्यात हे असं सारखं चाललं होतं.

आता शर्वी शाळेत जाते. धाकटा दुपारी झोपतो तेवढ्यात हे लिहितेय, तो उठला की राहील अर्धवट. पण ते मनगटावरचं सूत आजही मला कधी कधी जाणवतं, भाजी चिरताना, मधूनच.

आमचं घर इचलकरंजीला. घराला लागून शेड, शेडमध्ये माग. सकाळी सुरू झाले की सगळं घर खडखडायचं, मांडणीतली भांडी एकमेकांना लागायची. कुजबूज नावाची गोष्ट आमच्या घरात नव्हतीच. मी गडहिंग्लजची, शाळामास्तरांच्या घरातली. लग्न होऊन आले तेव्हा ही माणसं माझ्यावर ओरडताहेत असंच मला वाटायचं. सासूला इथं आत्ती म्हणतात. अक्काताई त्यांचं नाव. जन्मभर त्यांनी मागासाठी कांड्या भरल्या. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. एका बोटावरून सूत सोडत त्या तासन् तास बसायच्या आणि तोंडानं सगळ्या गल्लीचा समाचार घ्यायच्या.

शर्वी रांगायला लागली त्याच सुमारास त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरी आणल्यावर पहिला प्रश्न पडला तो हाकेचा. घंटी दिली. मागाच्या आवाजात घंटी कसली ऐकू येतेय! मग उमाकांतनं, माझ्या नवऱ्यानं, शेडमधलं सूत दुपदरी वळलं, भिंतीवर कड्या मारल्या आणि खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत ते ओवून आणलं. एक टोक आत्तींच्या डाव्या हाताच्या बोटाला. दुसऱ्या टोकाला फास, तो माझ्या मनगटात. स्वयंपाकघर आणि मोरी, एवढ्यात मी फिरू शकायची.

"आता कसं झ्याक झालं," तो म्हणाला होता. "आई फोन लावणार, तू उचलणार."

आम्ही हसलो होतो. आत्तीसुद्धा, अर्ध्या तोंडानं.

माझं हसणं गेलं ते त्या दुपारी.

मी आत्तींचं अंग पुसून घेत होते. बादली खाटेजवळ होती, शर्वी खाली वाकळेवर खुळखुळा चावत बसली होती. आत्तींना कुशीवर वळवायला मी वाकले, त्यांच्या पाठीखाली हात घातला, आणि डोळ्यांपुढे काळे किडे वळवळायला लागले. तसे ते अधूनमधून यायचेच. दोन क्षण थांबलं की जायचे. या वेळी गेले नाहीत.

जाग आली तेव्हा गाल फरशीला टेकला होता. फरशी थरथरत होती. माग चालू होते, म्हणजे कुणाला काही कळलं नव्हतं. समोर आधी दिसली बादली. मग बादलीला धरून उभे राहिलेले दोन छोटे पाय, टाचा उचललेल्या. शर्वी काठावरून आत वाकली होती. तिची झुलपं पाण्याला लागत होती.

आणि ती आत पडत नव्हती, कारण तिच्या झबल्याची पाठ आत्तींच्या मुठीत होती. आत्ती अर्ध्या खाटेबाहेर लोंबत होत्या. डावा हात पार खाली ताणलेला, तोंड लालबुंद, आणि घशातून आवाज येत होता तो मागाच्या आवाजात विरघळत होता.

मी शर्वीला ओढून घेतलं. आत्तींची मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

किती वेळ मी पडले होते, मला माहीत नाही. कितीदा ओरडल्या असतील त्या, तेही नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. का, ते सांगते. त्याच्या थोडे दिवस आधी शालनवन्सं, माझ्या मोठ्या नणंद, कुरुंदवाडहून आल्या होत्या. माझ्याकडे बघून उमाकांतला म्हणाल्या, "उम्या, हिला न्हाई झेपायचं दोन्ही. पोरीला वरीसभर गडहिंग्लजला ठेवा हिच्या आईकडं. तेवढंच एक काम कमी." उमाकांत नाही म्हणाला नाही. शर्वी तेव्हा माझ्या मांडीवर दूध पीत होती, आणि तिचा हात माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता.

त्यात मी जर सांगितलं असतं की मी पडले आणि पोर बादलीत चालली होती, तर दुसऱ्या दिवशीची एसटी ठरलेली होती. आणि त्यांचं काय चुकलं असतं?

म्हणून मी गप्प बसले आणि भ्यायले. गॅस पेटवताना भ्यायले. विळी काढताना भ्यायले. शर्वीला कडेवर घेऊन उंबरा ओलांडताना आधी भिंतीला हात लावायची. बादली मोरीच्या बाहेर आणेना. जुन्या ओढणीनं शर्वीची कंबर माझ्या कंबरेला बांधून कामं करायची, म्हणजे मी पडले तरी ती लांब जाणार नाही. पण मी तिच्या अंगावरच पडले तर? हा विचार आला की ओढणी सोडायची. मग परत बांधायची.

आणि त्या दिवसापासूनच आत्तींचं ओढणं वाढलं.

आधी त्या काही लागलं तरच ओढायच्या. आता मधेच, कारण नसताना. मी धावत जायची, त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. उमाकांत खोलीत आला की डावा हात उचलून गादीवर धप्पकन टाकायच्या. परत उचलायच्या, परत धप्प. "प... प..." असं तोंडातून यायचं.

"काय गं आई? काय म्हणालीस?" तो विचारायचा.

"पाणी मागतात," मी म्हणायची. किंवा, "उशी खाली करा म्हणतात." त्यांचं बोलणं मला कळतं असा घरात सगळ्यांचाच समज होता. मी सांगेन तेच त्या म्हणाल्या, असं सगळे धरायचे. त्या पाणी थुंकून द्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की मी पेला घेऊन खोलीबाहेर पडायची.

मला वाटायचं, त्या मला उघडं पाडायला बघताहेत. शर्वीचा जीव त्यांनी वाचवला आणि आता मला शिक्षा दिल्याशिवाय सोडणार नाहीत. सूत हललं की हातातली वस्तू खाली पडायची.

अशात दवाखान्यातून फोन आला. आत्तींना जिथं ठेवलं होतं तिथली सिस्टर घरी येऊन त्यांना बघून जाणार होती, पाठीला जखम झालीय का वगैरे. उमाकांतनं बहिणीलाही कळवलं. सिस्टर यायच्या दिवशी सकाळीच शालनवन्सं पिशवीत भाकरी आणि मिरचीचा खर्डा घेऊन हजर.

"काय गं वर्षे, आरशात बघितलीस का तोंड?" दारातच त्यांनी सुरू केलं. "पिठाच्या डब्यातनं काढल्यासारखं पांढरं झालंय."

"उन्हातनं आत आलाय ना तुम्ही वन्सं, म्हणून तसं दिसतंय."

"व्हय तर. माझंच डोळं गेलं." त्यांनी शर्वीला उचललं. "चल गं बाय, आत्याकडं येतीस ऱ्हायला? का आजोळी जातीस?"

मी चहाचं आधण ठेवायच्या निमित्तानं तिला परत घेतलं.

सिस्टर आल्या त्या दुपारी, स्कूटीवरून, डोक्याला रुमाल बांधून. सुवार्ता सिस्टर. मिरजेकडच्या, पन्नाशीच्या, बोलणं सावकाश. मागाच्या आवाजाला पहिल्यांदा दचकल्या, मग हसल्या. आत्तींना त्यांनी नीट तपासलं, पाठ बघितली, टाचा बघितल्या.

"जखम कुठंच नाही. पाठ एकदम स्वच्छ. कोण करतं यांचं?"

"मी."

"नाव काय?"

"अक्काताई."

"त्यांचं नाही हो. तुमचं."

कितीतरी दिवसांत घरी आलेल्या कुणी माझं नाव विचारलं नव्हतं. "वर्षाराणी," मी म्हटलं.

"बसा वर्षाराणी. आता तुमच्याबद्दल विचारते."

"माझं काय? मला काही झालेलं नाही."

"तिला काय धाड भरलीय?" शालनवन्सं म्हणाल्या. "तरणीताठी पोर हाय."

"तरणी आहे म्हणूनच विचारते. तुम्ही आजारी पडलात तर यांचं कोण करतं?"

"मी आजारी पडत नाही," मी म्हटलं.

सिस्टर पुढं सरकल्या. त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली, नखं दाबून बघितली. "अंगावर पाजता अजून? जेवता कधी? सगळ्यांचं आवरल्यावर, उभ्या उभ्या?" मी मान हलवत गेले. माझ्या हातातल्या शर्वीनं त्यांच्या गळ्यातली नळी धरली होती. ती सोडवत त्यांनी सहज विचारलं, "चक्कर येते?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

मागाच्या आवाजातही ते जरा मोठ्यानंच आलं. शालनवन्सं माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी चहा बघते म्हणून उठले, फास मनगटात चढवला आणि स्वयंपाकघरात गेले. चहापूड बाहेर सांडली.

तोच मनगटाला हिसका. मग परत, हलका.

मी वळले तर सिस्टर दारात उभ्या. "हे काय सूत बांधलंय?"

मी सांगितलं.

"चला, बघू काय हवंय त्यांना."

आम्ही गेलो. आत्तींनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे मिटले.

"काही हवं होतं का, अक्काताई? दुखतंय? तहान लागलीय?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"असं बऱ्याचदा होतं?" सिस्टरांनी मला विचारलं.

"सवय लागलीय त्यांना."

तेवढ्यात आत्तींनी डोळे उघडले. शालनवन्संना बघितलं. डावा हात उचलला आणि गादीवर टाकला. धप्प. परत धप्प. "प... प..."

"पाणी मागतात," मी म्हटलं. पेला उचललासुद्धा.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू दे." मग दाराशी आलेल्या उमाकांतला म्हणाल्या, "माग जरा वेळ बंद करता येतील?"

"समदे?"

"सगळे. मला यांचा आवाज ऐकायचाय."

तो गेला. शेडमधला एकेक माग थांबायला लागला. आवाज एकेका पायरीनं खाली उतरत गेला, आणि मग काहीच उरलं नाही. भर दुपारी आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चहा उतू जाऊन गॅसवर चुरचुरला, तोही ऐकू आला. गॅस बंद करायला मी आत गेले. तिथूनच मागच्या दारानं निघून जावं, शर्वीला घेऊन, असं खरोखर मनात आलं. शर्वी कडेवरच होती. पायात चप्पल नव्हती एवढंच.

"वर्षाराणी, या इकडं," सिस्टरांनी हाक मारली.

मी भिंतीला धरून आले.

"कुणी मधे बोलू नका. शब्द त्यांचा त्यांना पुरा करू दे. अक्काताई, सावकाश. घाई नाही."

आत्तींनी ओठ जुळवले. सुटले. परत जुळवले. गळ्याच्या शिरा ताठल्या. "प..." सिस्टर थांबून राहिल्या. शालनवन्संचे ओठही आईबरोबर हलत होते. मी देवाला म्हणत होते, नको, नको.

"प... ड..." हात उचलला. "प... ड... ली."

आणि धप्प.

"पडली?" शालनवन्सं पुढं झाल्या. "कोण पडली? तू पडलीस, आई? खाटंवरनं?"

आत्तींनी नाही म्हणून मान हलवली. तो डावा हात माझ्याकडे आला. बोटाला सूत होतंच.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शर्वीला इतकं आवळलं होतं की ती रडायला लागली.

"मी," मी म्हटलं. "मी पडले होते. शुद्ध नव्हती मला. इथंच. आणि शर्वी बादलीपाशी गेली. आत्तींनी तिला धरलं, नाहीतर..." मी शर्वीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला येते चक्कर. रोज येते. पण तिला नेऊ नका वन्सं. मी बादली नाही आणत आता बाहेर. बांधून ठेवते तिला माझ्याशी. बघा, ही ओढणी."

ओढणी खरंच माझ्या कंबरेला होती. मी तिचं लोंबतं टोक त्यांना दाखवत होते.

उमाकांत मटकन उंबऱ्यावर बसला. "मला सांगायचं न्हाई व्हय गं?" एवढंच म्हणाला.

मी शालनवन्संच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. त्या बघत होत्या ते आईच्या हाताकडे. मी आत्तींपासून लांब, भिंतीशी उभी होते, सूत सैल पडलं होतं. आत्तींनी बोट वाकवलं. हलकेच सूत ओढून बघितलं, सोडलं.

"परत कर, आई," वन्सं म्हणाल्या.

आत्तींनी परत केलं.

वन्संनी जवळ येऊन, आईला मी दिसू नये अशा मधे उभ्या राहून, माझ्या मनगटातला फास काढला आणि भिंतीवरच्या कडीत अडकवला. आत्तींनी बोट वाकवलं. कडी ती, काय हलणार! त्यांनी जोरात ओढलं. मग आणखी जोरात. डोळे मोठे झाले, घशातून आवाज यायला लागला, तोच, त्या दुपारचा. वन्संनी घाईघाईनं फास परत माझ्या मनगटात घातला. माझा हात त्या ओढीबरोबर थोडा पुढं गेला. आत्तींचा आवाज थांबला. त्यांनी डोळे मिटले.

"ही बोलवत न्हाई तुला, वर्षे," वन्सं म्हणाल्या. "कांडी भरताना असं करत्यात. सूत बोटावर धरायचं आनि मधनं मधनं वाईच चाचपायचं. तुटलंय का हाय ते. डोळ्याला मागनं कळतंय, बोटाला आधी. मी ल्हान असल्यापास्नं हिचं हेच बोट बघितलंय." त्यांनी नाक पुसलं. "हात ओढीसंगं आला की तू उभी, न्हाई आला की पडलीस, ते बघालीय ती. दिसभर."

मी आत्तींकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. त्यांच्या बोटाला सुतानं बारीक लाल वळ पडला होता. माझ्या मनगटालाही तसाच होता.

सिस्टरांनी पुढं बरंच काही सांगितलं. रक्ताच्या तपासणीचं, गोळ्यांचं. उमाकांतला खाटेजवळ बोलावून त्यांनी त्याच्याकडूनच आईला वळवून घेतलं, दोनदा. पहिल्यांदा तो लाजला, मग आत्तीच त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसल्या. दुपारी थोडा वेळ दोन माग बंद ठेवायचे आणि तेवढा वेळ आईजवळ त्यानं थांबायचं, असं ठरलं. "आणि हिचं पोर हिच्याजवळच," सिस्टर म्हणाल्या, "पोर लांब नेऊन हिचा थकवा जाणार नाही. काम दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं."

मी वन्संच्या उत्तराची वाट बघत होते. त्यांनी पदर खोचला.

"आण ते इकडं," म्हणाल्या. फास माझ्या हातातनं काढून त्यांनी स्वतःच्या मनगटात चढवला, हिरव्या बांगड्यांच्या मागं. "आठ-पंधरा दिस मी हितंच हाय. माझी सून बघंल तिकडचं. जा, झोप जा."

"स्वयंपाक..."

"भाकरी आणलीय की मी! काय गडहिंग्लजची माणसं, खायाला दिलं तरी पंचाईत. जा म्हणते न्हवं!"

मी पलीकडच्या खोलीत चटईवर शर्वीला घेऊन आडवी झाले. माग परत सुरू झाले. तो खडखडाट मला पहिल्यांदाच अंगाईसारखा वाटला असं म्हणणार होते, पण तसं काही नाही. मला काहीच वाटलं नाही. मी दगडासारखी झोपले.

मधेच कुणीतरी माझा हात उचलला. मी धडपडून उठायला गेले.

"ऊठ नगंस, ऊठ नगंस," शालनवन्सं माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या होत्या. हातात सूत, त्याला नवा लांब तुकडा गाठीनं जोडलेला, दारातून आत आणलेला. "माझ्या हाताला ओढती आनि परत ओढती. तिला कळतंय बघ, ह्यो हात तुझा न्हवं म्हणून. तुला बांधल्याबिगर काय ती निजंना. तू झोप. लागलं-सवरलं तर मी हाय, मी जाते. ह्ये नुसतं असू दे."

त्यांनी फास माझ्या मनगटात घातला, शर्वीच्या अंगावरची चादर सारखी केली आणि गेल्या.

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं मनगटाला ओढ लागली, हलकी, एकदाच. मी न उठता, न डोळे उघडता, हात जरासा माझ्याकडे ओढला.

पलीकडून सूत सैल झालं.